ऑनलाइन वर्गाचा रिपोर्ट कसा बनवायचा आणि कसा वाचायचा?

सेमिस्टर संपत आले की कॉलेजमध्ये डिफॉल्टर लिस्ट लागते. पूर्वी ती फक्त हजेरीपटावरून निघायची. आता बऱ्याच ठिकाणी अभ्यासक्रमाचा काही भाग ऑनलाइन चालतो, त्यामुळे ‘ऑनलाइन कोर्स कोणी उघडलाच नाही’ अशीही एक यादी काढली जाते. दोन वर्षांपूर्वी हे काम माझ्याकडे आले. मी मूडलमध्ये रिपोर्ट बनवला, ‘गेल्या ३० दिवसांत कोर्स उघडलेला नाही’ अशी अट घातली आणि ६२ नावे असलेल्या कोर्समधून १४ नावे बाहेर पडली. त्यांच्या पालकांना पत्रे जायची होती. एका सहकारी मॅडमनी हट्टच धरला, म्हणून पत्रे टाकण्याआधी आम्ही चौदाही जणांना फोन केले.

तिघे जण कोर्स नियमित उघडत होते, पण दुसऱ्या खात्यातून. प्रवेशाच्या वेळी कॉलेजच्या ईमेलवरून त्यांचे एक खाते तयार झाले होते. त्याचा पासवर्ड विसरल्यावर त्यांनी स्वतःच्या जीमेलवरून दुसरे काढले होते. दोघांनी प्रवेश रद्द करून महिना उलटून गेला होता, पण कोर्समधून त्यांची नावे कोणी काढली नव्हती. एक मुलगी सगळ्या नोट्स वाचत होती. वर्गाच्या सीआरने त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या होत्या आणि घरातला एकुलता एक फोन तिला रात्री नऊनंतर मिळत होता. उरले आठ जण. त्यांनी खरोखरच कोर्सकडे पाठ फिरवली होती.

रिपोर्टमध्ये चूक नव्हती. जे विचारले तेवढेच त्याने सांगितले होते: या खात्यातून, या कोर्सवर, या ३० दिवसांत कोणी आलेले नाही. त्याचा अर्थ ‘अभ्यास करत नाहीत’ असा आम्ही लावला होता.

या लेखातली उदाहरणे मूडलची आहेत, कारण ते मोफत आणि मुक्त स्रोत असल्याने कॉलेजांमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. आयआयटी मुंबईतही ते आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात मार्टिन डुगियामास यांनी ते सुरू केले आणि २००२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. तुमच्याकडे दुसरा प्लॅटफॉर्म असेल तर बटणांची नावे बदलतील, खाचखळगे साधारण हेच राहतील.

रिपोर्टमध्ये नक्की काय मोजलेले असते?

विद्यार्थ्याने कोर्स उघडला, फाइलवर क्लिक केले, असाइनमेंट जमा केली, की मूडल लॉगमध्ये एक ओळ लिहिते. त्या ओळीत वेळ, नाव, कोणती गोष्ट उघडली, काय केले, कुठून केले आणि आयपी पत्ता एवढे असते. ‘ओरिजिन’ नावाच्या रकान्यात ‘वेब’ दिसले तर ब्राउझरमधून आणि ‘डब्ल्यूएस’ दिसले तर सहसा मोबाइल ॲपमधून, असा अर्थ घ्यावा. पुढचे जवळपास सगळे रिपोर्ट या आणि अशाच नोंदींच्या बेरजा-वजाबाक्या आहेत.

काय लिहिले जात नाही, हे त्याहून महत्त्वाचे. पीडीएफ उघडल्याची नोंद होते, वाचल्याची होत नाही. कोर्समध्ये यूट्यूबचा व्हिडिओ नुसता चिकटवला असेल तर तो किती मिनिटे पाहिला हे मूडलला कळत नाही. पान उघडले एवढेच कळते. ‘या विद्यार्थ्याने एकूण किती तास घालवले’ असा आकडा मूळ मूडलमध्ये नसतोच. जोडलेले एखादे प्लगिन तो देत असेल तर तो दोन क्लिकमधल्या अंतरावरून बांधलेला अंदाज असतो. विद्यार्थी पान उघडे ठेवून जेवायला गेला, तरी गणित तेच. ॲपमध्ये फाइल उतरवून नेटवर्क नसलेल्या जागी वाचली, तर ती नोंद सर्व्हरवर लगेच पोचेलच असे नाही.

आयपी पत्त्यावरून निष्कर्ष काढताना तर फारच सांभाळावे. एकाच हॉस्टेलच्या वायफायवरून चाळीस जणांनी परीक्षा दिली तर चाळिसांचा पत्ता एकच दिसू शकतो. तो कॉपीचा पुरावा नाही.

आधी तयार रिपोर्ट पाहा

नवा रिपोर्ट बनवण्याचा उत्साह भारी असतो, पण शिक्षकाचे निम्मे प्रश्न कोर्समधल्या ‘रिपोर्ट्स’ या टॅबमध्येच सुटतात. तिथला ‘कोर्स पार्टिसिपेशन’ मला सगळ्यात उपयोगी वाटतो. एक असाइनमेंट निवडायची, किती दिवस मागे जायचे ते ठरवायचे, भूमिका ‘स्टुडंट’ ठेवायची. कोणी ती उघडली आणि कोणी नाही याची यादी येते. ज्यांच्यापुढे ‘नो’ आहे त्यांना तिथूनच निवडून एकत्र संदेश पाठवता येतो.

‘ॲक्टिव्हिटी रिपोर्ट’मध्ये प्रत्येक घटक किती वेळा पाहिला गेला ते दिसते. तिथे दोन आकडे असतात आणि लोक पहिलाच वाचतात. समजा ‘३१० वेळा, २२ जणांनी’ असे दिसले. ३१० हा आकडा छान वाटतो, पण साठ जणांच्या वर्गात त्या धड्याकडे ३८ जण फिरकलेले नाहीत. आणि २२ जणांना सरासरी १४ वेळा यावे लागले, म्हणजे धडा आवडला असेल किंवा कळला नसेल. कोणते ते वर्गात विचारूनच समजते.

‘ॲक्टिव्हिटी कम्प्लिशन’ म्हणजे बरोबरच्या खुणांचा तक्ता. इथे चौकटीची कड पाहा. तुटक रेषेची चौकट म्हणजे ठरवलेली अट पूर्ण झाल्यावर मूडलने स्वतः केलेली खूण; सलग रेषेची म्हणजे विद्यार्थ्याने ‘झाले’ म्हणून स्वतः दाबलेले बटण. दोन्ही खुणा तक्त्यात शेजारी शेजारी बसतात आणि एकसारख्याच भासतात. शिवाय मूडलने केलेल्या खुणेमागची अट काय ठेवली होती तेही आठवावे लागते. ‘नुसते उघडले की पूर्ण’ आणि ‘उत्तीर्ण झाले की पूर्ण’ यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

स्वतःचा रिपोर्ट बनवताना

एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या मूडल ४.० पासून ‘कस्टम रिपोर्ट’ बनवण्याची सोय मूळ सॉफ्टवेअरमध्येच मिळते. ते पान ‘साइट ॲडमिनिस्ट्रेशन’मध्ये, ‘रिपोर्ट बिल्डर’खाली असते आणि साध्या शिक्षकाला सहसा दिसत नाही. त्यामुळे ॲडमिन सरांकडे जावे लागते, आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. ‘सर, विद्यार्थ्यांचा रिपोर्ट काढून द्या’ असे सांगितले तर चाळीस रकान्यांची फाइल मिळते. त्यापेक्षा प्रश्न एका वाक्यात लिहून न्यावा: ‘ज्यांचा प्रवेश चालू आहे, पण जे दोन आठवड्यांपासून कोर्सवर आलेले नाहीत, असे विद्यार्थी कोण?’ या वाक्यातल्या प्रत्येक तुकड्याला रिपोर्टमध्ये एक जागा आहे.

पहिली जागा म्हणजे माहितीचा स्रोत. ‘युजर्स’ निवडले तर साइटवरची सगळी खाती येतात. कोर्सपुरते पाहायचे तर ‘कोर्स पार्टिसिपंट्स’ घ्यावे. ही निवड नंतर बदलता येत नाही, नवा रिपोर्टच करावा लागतो. मग डावीकडून रकाने उचलायचे: नाव, रोल नंबर, नोंदणी कशी झाली, नोंदणीची स्थिती, कोर्सवर शेवटचे येणे, प्रगतीचे टक्के. इथे ‘साइटवर शेवटचे येणे’ आणि ‘कोर्सवर शेवटचे येणे’ असे दोन वेगळे रकाने आहेत. विद्यार्थी रोज साइटवर येऊन फक्त दुसऱ्या विषयाचा कोर्स उघडत असेल, तर पहिल्या रकान्यात तो अगदी हजर दिसतो.

उजवीकडे ‘कंडिशन’ आणि ‘फिल्टर’ असे दोन शेजारी आहेत. दिसायला सारखे, कामाने वेगळे. कंडिशन म्हणजे रिपोर्ट बनवणाऱ्याने घातलेली कायमची अट. ती वाचणाऱ्याला बदलता येत नाही. घातली आहे हे त्याला दिसतही नाही. फिल्टर म्हणजे वाचणाऱ्याच्या हातातली चाळणी, हवी तेव्हा लावायची आणि काढायची. ‘फक्त चालू नोंदण्या’, ‘फक्त हा कोर्स’ या गोष्टी कंडिशनमध्ये जाव्यात. तुकडी, तारीख, नाव या फिल्टरमध्ये. उलटे केले की गंमत होते. कंडिशनमध्ये मागच्या वर्षीची तुकडी राहून गेली तर नव्या एचओडींना रिकामा रिपोर्ट दिसतो आणि त्यांना वाटते, कोणी काही केलेलेच नाही. म्हणून रिपोर्टच्या नावातच अट लिहून ठेवावी: ‘एसवाय बीकॉम, चालू नोंदण्या, १४ दिवस गैरहजर’. नाव लांबडे होते, होऊ द्या.

प्रत्येक रकान्यावर बेरीज, सरासरी, मोजणी असे संस्कारही करता येतात. मोजणीचे दोन प्रकार आहेत: नुसती मोजणी आणि वेगवेगळ्यांची मोजणी. विद्यार्थ्याची नोंदणी दोन पद्धतींनी झाली असेल, म्हणजे ऑफिसने एकदा घातले आणि त्याने स्वतःही ‘एनरोल’ दाबले, तर तो ‘कोर्स पार्टिसिपंट्स’मध्ये दोन ओळींत येतो. नुसती मोजणी त्याला दोन धरते. वर्गात ६० जण आणि रिपोर्टमध्ये ६४ नोंदी, असा फरक दिसला की पहिला संशय इथे घ्यावा. आमच्या त्या तिघांचा प्रकार मात्र याहून अवघड होता, कारण दोन खाती म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी दोन माणसे. ती एकाच रोल नंबरवरून किंवा नावावरून क्रम लावूनच सापडतात.

टक्के दिसले की थांबा

‘प्रगती ८० टक्के’ म्हणजे काय? ज्या घटकांवर पूर्णतेची खूण लावली आहे, त्यांपैकी ८० टक्के घटकांवर खूण झाली. बस. त्या हिशेबात दोन पानांची पीडीएफ आणि पन्नास गुणांची चाचणी यांचे वजन सारखेच. दहा घटकांतल्या आठ पीडीएफ एका बैठकीत उघडून बंद केल्या आणि दोन्ही चाचण्या सोडून दिल्या, तरी ८० टक्के होतात.

गुणांच्या तक्त्यातला सापळा याहून बेमालूम आहे. समजा प्रत्येकी २० गुणांच्या पाच असाइनमेंट आहेत. एकाने फक्त पहिली जमा केली आणि त्याला १८ गुण मिळाले. दुसरीने पाचही जमा केल्या, प्रत्येकीत १४ मिळवले. मूडलच्या मूळ मांडणीत ‘रिकामे गुण वगळा’ हा पर्याय चालू असतो. म्हणून पहिल्याची बेरीज २० पैकी १८, म्हणजे ९० टक्के, आणि दुसरीची १०० पैकी ७०. क्रमवारी लावली की एक असाइनमेंट करणारा पाच करणारीच्या वर बसतो. जमा न केलेल्या कामाला मूडल आपणहून शून्य देत नाही. तिथे फक्त एक छोटी आडवी रेघ राहते. तो पर्याय बंद केला तर अजून न दिलेल्या असाइनमेंटही शून्य धरल्या जातात आणि सेमिस्टरच्या मध्यावर सगळा वर्ग नापास दिसतो. मी तो चालूच ठेवतो आणि प्रत्येक मुदत संपली की रेघांच्या जागी शून्य भरतो. कंटाळवाणे काम आहे, पण एकदा विद्यार्थ्याला ९० टक्के दाखवून शेवटी १८ सांगण्याची वेळ येऊ नये.

चाचणीचे आकडे: प्रश्न चुकला की विद्यार्थी?

माझ्या मते मूडलमधला सगळ्यात मोलाचा रिपोर्ट चाचणीच्या ‘स्टॅटिस्टिक्स’मध्ये आहे आणि तोच सगळ्यात कमी उघडला जातो. आपण कोणाला किती गुण पडले ते पाहतो. हा रिपोर्ट प्रत्येक प्रश्नाची परीक्षा घेतो.

त्यातला ‘फॅसिलिटी इंडेक्स’ म्हणजे त्या प्रश्नाला मिळालेले सरासरी गुण, टक्क्यांत. ९५ असेल तर प्रश्न सगळ्यांनाच आला. ३५ ते ६४ च्या दरम्यान असेल तर सर्वसाधारण विद्यार्थ्याला योग्य, असे मूडलचे मार्गदर्शन आहे. चार पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून ठोकले तरी २५ टक्के मिळतात, हे मात्र लक्षात ठेवावे. तिथे २८ हा आकडा ‘थोड्यांना आला’ असे सांगत नाही; बहुतेकांनी अंदाजाने उत्तर दिले असावे असे सांगतो.

दुसरा आकडा ‘डिस्क्रिमिनेशन इंडेक्स’. नाव भयंकर आहे, कल्पना सोपी. बाकीच्या पेपरात चांगले गुण मिळवणाऱ्यांनी हा प्रश्नही सोडवला का, आणि बाकीच्यात मागे पडलेल्यांचा हाही चुकला का? तसे झाले असेल तर आकडा मोठा येतो. ५० च्या वर उत्तम, ३० ते ५० ठीक, २० च्या खाली फारच कमकुवत. आणि आकडा उणे आला तर हातातले काम बाजूला ठेवून तो प्रश्न उघडावा. उणे म्हणजे हुशार मुलांचा चुकला आणि इतरांचा बरोबर आला. बहुतेक वेळा कारण एकच निघते: उत्तरसूचीत चुकीच्या पर्यायावर खूण आहे. नाहीतर प्रश्नाची भाषा अशी की नीट विचार करणाराच अडकतो. ‘खालीलपैकी कोणते नाही असे नाही’ छापाचे प्रश्न यात हमखास सापडतात.

अशी चूक सापडली तर प्रश्न दुरुस्त करून ‘रीग्रेड’ करता येते आणि झालेल्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या जातात. एका चाचणीत आमचे दोन प्रश्न असे निघाले. पुन्हा तपासल्यावर काही जण उत्तीर्णाच्या रेषेच्या वर आले, तोवर त्यांची नावे ‘विशेष मार्गदर्शन’ वर्गाच्या यादीत लागलीही होती.

दोन खबरदाऱ्या. एकाहून अधिक प्रयत्नांची मुभा असेल तर हे आकडे पहिल्या प्रयत्नाचे, शेवटच्या, सर्वोत्तम की सगळ्यांचे, ते वरच्या भागात निवडायचे असते; प्रश्न पारखायला पहिला प्रयत्न घ्यावा, कारण नंतरच्यात उत्तरे माहीत झालेली असतात. आणि बारा जणांच्या तुकडीत या निर्देशांकावर फार विसंबू नये. एका मुलाच्या चुकलेल्या क्लिकनेही तो हलतो. ‘टाइम टेकन’ या रकान्याचेही तसेच. वेळेची मर्यादा नसलेली चाचणी सोमवारी उघडून बुधवारी सबमिट केली तर तिथे ‘२ दिवस’ दिसते.

वेळ, एक्सेल आणि मराठी नावे

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टींनी पुष्कळ भांडणे होतात. पहिली, घड्याळ. सर्व्हर परदेशी वेळेवर राहिला असेल तर रात्री ११:५५ ला जमा केलेली असाइनमेंट संध्याकाळी ६:२५ ची दिसते. मूडल वेळ दाखवते ती पाहणाऱ्याच्या प्रोफाइलमधल्या टाइमझोननुसार, म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी एकाच नोंदीची वेगवेगळी वेळ सांगू शकतात. ‘उशिरा जमा’ म्हणून गुण कापण्याआधी दोघांच्या प्रोफाइलमध्ये ‘आशिया/कोलकाता’ आहे का ते पाहावे.

दुसरी, फाइल उतरवताना निवडलेला प्रकार. सीएसव्ही फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली तर मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हे दिसू शकतात आणि ००४७ हा रोल नंबर ४७ होतो. मूडल एक्सेलची फाइलही देते, ती घ्यावी. त्या फाइलवर कोणत्या तारखेला उतरवली ते लिहावे, कारण साइटवरचा रिपोर्ट रोज बदलतो आणि पेनड्राइव्हमधला तिथेच थिजून राहतो.

रिपोर्ट कोणाच्या हाती द्यायचा?

कस्टम रिपोर्टमध्ये ‘ऑडियन्स’ ठरवावा लागतो, म्हणजे तो कोणाला दिसेल. ज्याला दिला त्याला त्यातली सगळी नावे दिसतात, म्हणून कुंपण घालायचे ते कंडिशनमध्येच. मोबाइल नंबर आणि ईमेलचे रकाने केवळ उपलब्ध आहेत म्हणून घेऊ नयेत. ज्युनिअर कॉलेजमध्ये तर मुले १८ च्या आतली असतात, आणि २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्टमध्ये त्यांच्या माहितीसाठी अधिक कडक तरतुदी आहेत. नावांसकट यादी नोटीस बोर्डावर किंवा पालकांच्या ग्रुपवर टाकण्याची सवय या निमित्ताने मोडली तर बरेच.

‘शेड्यूल’मध्ये रिपोर्ट ठरल्या वेळी आपोआप ईमेलने पाठवता येतो. सोमवारी सकाळी वर्गशिक्षकाला फक्त आपल्या तुकडीची यादी मिळाली तर सेमिस्टर संपण्याची वाट न पाहता दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच फोन करता येतो. रिपोर्ट रिकामा असेल तर पाठवू नये, असा पर्याय तिथे आहे; तो निवडावा, नाहीतर चार रिकाम्या ईमेलनंतर पाचवा कोणी उघडत नाही. आमच्या यादीत आता नोंदणीची स्थिती आणि ‘फोन केला, काय कळले’ असे दोन रकाने असतात. पहिला मूडल भरते. दुसरा फाइल उतरवल्यावर हाताने जोडावा लागतो. आणि जूनमध्ये नवी तुकडी आली की जुनी शेड्यूल बंद करायला विसरू नका; आमच्याकडची एक यादी निवृत्त झालेल्या सरांना पुढचे सहा महिने दर सोमवारी जात होती.